तोंड वाकडं झालं, आज सहावा दिवस: आता कोणाकडे जायचं?

नंदनवनच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. वडील 58 वर्षांचे, शुगर 10 वर्षांपासून. मागच्या बुधवारी सकाळी चूळ भरताना डाव्या कोपऱ्यातून पाणी गळलं. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं. आधीचे दोन दिवस कानामागे ठणकत होतं. घराजवळच्या डॉक्टरांनी 'चेहऱ्याचा लकवा आहे, होईल बरा' म्हणून ताकदीची इंजेक्शनं सुरू केली. आत्या म्हणते रात्री कूलरची हवा लागली. एकाने गावाकडच्या मालिशवाल्याचा पत्ता दिला, दुसऱ्याने एमआरआय करा म्हटलं, तिसऱ्याने रोज करंट घ्यायला सांगितलं. आज सहावा दिवस. डावा डोळा मिटत नाही, लाल झालाय. न्यूरोकडे जायचं, कान-नाक-घशाकडे, की आणखी कुठे?

ताई, पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि आजच. बाकी सगळं त्यानंतर.

मी मेंदू आणि नसांचा डॉक्टर आहे, 24 वर्षं नागपुरात हेच काम करतो. तरी तुम्हाला आधी दुसऱ्याच दाराशी पाठवतोय, कारण बाबांचं तोंड बहुधा सरळ होईल, पण बुबुळावर जखम होऊन पांढरा डाग पडला तर तो जन्मभर राहतो. या आजारात एकच डॉक्टर शेवटपर्यंत पुरत नाही. पहिल्या तीन दिवसांत एक लागतो, तिसऱ्या आठवड्यात दुसरा, चौथ्या महिन्यात तिसरा. चुका होतात त्या याच वेळापत्रकात: जिथे धावायचं तिथे लोक थांबतात आणि जिथे थांबायचं तिथे धावतात.

डोळ्याचं आधी पुरं करतो. पापणी मिटवणारा स्नायू सातव्या नसेवर, म्हणजे चेहरा हलवणाऱ्या नसेवर चालतो. ती नस बंद पडली की पापणी अर्धी उघडी राहते, खालची पापणी सैल पडते, आणि डोळ्यातून सारखं पाणी वाहतं. घरचे म्हणतात, पाणी तर येतंय, म्हणजे डोळा ओलाच आहे. तसं नसतं. पापणी लवत नाही म्हणून ते पाणी बुबुळावर पसरतच नाही, गालावर वाहून जातं, आणि मधला भाग कोरडाच राहतो. त्यात आपला नागपूरचा मे महिना, 45 अंशांची हवा, आणि रात्री पलंगाशेजारी कूलर. एक भाजीवाल्या मावशी माझ्याकडे तिसऱ्या आठवड्यात आल्या होत्या. तोंड निम्मं सुधारलेलं होतं, पण रोज रात्री कूलरचा झोत उघड्या डोळ्यावर घेऊन झोपल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी केशरी कागदाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं तेव्हा बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागात हिरवा पट्टा चमकला. तितकं सोललं गेलं होतं. दुखलं कसं नाही, विचारलं तर म्हणाल्या, "दुखत होतं जी, पण तोंडापुढे डोळ्याकडे कोण पाहते?"

म्हणून आज रात्रीपासून हे करा. दिवसा दर तासा-दोन तासांनी डोळे ओले ठेवणारे ड्रॉप्स, ज्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात ते. झोपताना डोळ्यात घालायचं मलम. मग बाबांना खाली पाहायला सांगून बोटाच्या मऊ भागाने पापणी हळूच खाली आणा, पापण्यांचे केस आत वळले नाहीत ना ते बघा, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी पांढरी कागदी चिकटपट्टी पापणीवरून गालावर लावून डोळा बंद ठेवा. उघड्या डोळ्यावर कापसाची किंवा गॉजची घडी ठेवू नका, ती बुबुळावर घासते. बाहेर पडताना गॉगल, आणि गाडीवर बसवलंत तर हेल्मेटची काच खाली. कूलर लावा, उन्हाळ्यात नागपूरकराला तो सोडा म्हणणं मला जमणार नाही, फक्त झोत पायाकडून घ्या. डोळा मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर जातं आणि पांढरंच दिसतं. ते पाहून घरातले घाबरतात. ती शरीराची स्वतःची राखण आहे, घाबरू नका.

आता निदान. आत्याबाईंच्या कूलरच्या हवेबद्दल इतकंच सांगतो की थंड हवेमुळे हे होतं असं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा रात्री कूलर कोणी चालू ठेवला यावरून घरात भांडू नका. सातवी नस कवटीतून बाहेर येताना कानाजवळच्या हाडाच्या बोगद्यातून जाते. तो बोगदा सर्वांत अरुंद जागी एक मिलिमीटरही रुंद नाही. नसेला सूज आली की तिला फुगायला जागाच नसते, ती हाडातच आवळली जाते. स्कॉटलंडच्या चार्ल्स बेल या शल्यचिकित्सकाने 1821 मध्ये या नसेचं वर्णन केलं, म्हणून आजही याला बेल्स पाल्सी म्हणतात. सूज का येते याचं पुरतं उत्तर अजून नाही; नसेत दबून बसलेला एखादा विषाणू जागा होतो, असा सर्वांत जास्त संशय आहे. शुगर असलेल्यांना आणि गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत धोका जास्त. हीच नस जिभेच्या पुढच्या भागाची चवही नेते, म्हणून बाबा म्हणत असतील की जेवणाची चव जिभेच्या एकाच बाजूला लागते. कानातला एक बारीक स्नायूही तिच्याच ताब्यात आहे, म्हणून कुकरची शिट्टी त्या कानात टोचते. हे सगळं ऐकलं की मला उलट बरं वाटतं, कारण बिघाड नसेत आहे, मेंदूत नाही, याकडे ही लक्षणं बोट दाखवतात.

मेंदूत आहे की नसेत, हा सगळ्यात मोठा प्रश्न कपाळ सोडवतं. बाबांना खिडकीसमोर बसवा आणि भुवया वर करायला सांगा. उमरेडकडच्या एका आजी मला आजही आठवतात. भुवया वर केल्या की उजवीकडच्या आठ्या कुंकवापर्यंत यायच्या आणि तिथेच संपायच्या. सून म्हणाली, "अर्धं कपाळ गुळगुळीत होऊन राहिलं जी." तिने निदान केलं होतं! कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. मेंदूत एका बाजूला झटका आला तर दुसरी बाजू कपाळ सांभाळून घेते: तोंड वाकडं, पण आठ्या दोन्हीकडे सारख्या. नसेतच बिघाड असेल तर कपाळ, डोळा, ओठ सगळं एकाच बाजूला बंद.

आठ्या सारख्या पडत असतील, किंवा जोडीला हात उचलत नाही, शब्द अडखळतात, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, यातलं एकही असेल, तर कोणाचाही सल्ला न घेता 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी पहिले साडेचार तासच असतात. आणि कपाळ बंद आहे म्हणजे मेंदू नक्की सुरक्षित, असंही डोळे मिटून समजू नये. मेंदूच्या देठात झटका आला तर क्वचित कपाळही जातं, पण मग दुहेरी दिसणं, तोल जाणं असं काहीतरी बहुतेक वेळा सोबत असतं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. दोन्ही बाजूंचा चेहरा एकदम बंद पडला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर तो वेगळा आजार असतो आणि त्यातही घाई लागते.

एमआरआय आज नको. कपाळासकट एकच बाजू, तीन दिवसांच्या आत पूर्ण वाढलेला लकवा, बाकी काही नाही, अशा रुग्णाला पहिल्या आठवड्यात एमआरआय काढून उपचार बदलत नाहीत. पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे रिपोर्टची वाट पाहण्यात दिवस जातात. रक्तदाब, शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर मात्र आज बघून घ्या. एमआरआयची वेळ कधी येते ते पुढे सांगतो.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त खंत वाटते ती. बाबांना ताकदीची इंजेक्शनं मिळाली. त्यांनी अपाय नाही, पण नसेची सूज त्यांनी उतरते असा भक्कम पुरावाही नाही. ज्याला पुरावा आहे ते औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, एक जुनं, स्वस्त स्टिरॉइड. स्कॉटलंडमध्ये सुमारे 500 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. 72 तासांच्या आत सुरू करून 10 दिवस रोज 50 मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी शंभरात 94 जणांचा चेहरा पूर्ववत झाला होता. न घेतलेल्यांत 82 जणांचा. म्हणजे औषध न घेताही बहुतेक बरे होतात, हे खरं. मालिश, जायफळ, कबुतराचं रक्त यांच्या नावावर यश जमा होतं ते म्हणूनच. पण प्रत्येक शंभरातले ते 12 जण औषधाने वाचतात, आणि त्यातला कोण आपल्या घरातला हे पहिल्या दिवशी कळत नाही. स्टिरॉइडच्या नावाला लोक भितात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या स्टिरॉइडची भीती रास्त आहे, 10 दिवसांच्या कोर्सची तेवढी नाही.

बाबांचे 72 तास गेले. तरी दार पूर्ण बंद झालं असं मी म्हणत नाही. पहिल्या आठवड्याच्या आत आलेला आणि बाजू पूर्ण बंद असलेला रुग्ण असेल तर मी अजूनही देतो. त्याचा पुरावा 72 तासांइतका पक्का नाही, हे रुग्णाला सांगूनच देतो. शुगर असल्यामुळे तुम्ही दुकानातून आणून सुरू करू नका. नसांचे, कान-नाक-घशाचे किंवा मेडिसिनचे डॉक्टर बघतील आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन वाढवून देतील. एक बारकावा लक्षात ठेवा: सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने उपाशीपोटीची शुगर फारशी हलत नाही, दुपारनंतर उडते. सकाळचीच मोजून 'नॉर्मल आहे' म्हणत राहिलात तर संध्याकाळचे 350 कळणारच नाहीत. जेवणानंतर आणि संध्याकाळी मोजा.

शुगरच्या रुग्णाला स्टिरॉइड देण्याआधी आणखी दोन जागा बघायलाच हव्यात, आणि म्हणून डोळ्यांनंतरचं दुसरं दार कान-नाक-घसा. टॉर्च लावून कानाची पाळी आणि छिद्र बघा. बारीक पाण्याचे फोड असतील, कान असह्य ठणकत असेल, ऐकू कमी येत असेल, गरगरत असेल, तर ही कानातली नागीण. कांजिण्यांचाच विषाणू. तिच्यात स्टिरॉइडसोबत विषाणूविरोधी गोळ्या लागतात, त्याही तातडीने, कारण साध्या बेल्सपेक्षा हिच्यात चेहरा कमी सुधारतो. शुगरवाल्यांच्या कानाच्या हाडात शिरणारा संसर्गही असतो. रात्री झोपू न देणारा कानाचा ठणका आणि कानातून घाण येणं ही त्याची खूण. वर्षानुवर्षं वाहणारा कान असेल तर हाड खाणारी गाठ बघावी लागते. आणि 2021 चा उन्हाळा नागपूर विसरलेलं नाही. काळ्या बुरशीचे रुग्ण इथे किती आले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. गाल बधिर, नाकातून काळपट स्राव, डोळ्याभोवती सूज, असं काही असेल तर नाकात दुर्बीण टाकून पाहिल्याशिवाय स्टिरॉइडला हात लावायचा नाही.

विदर्भात राहून एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही: अंगावर कुठे बधिर, फिकट चट्टा आहे का? कुष्ठरोगातही चेहऱ्याची नस धरते, बहुतेक वेळा डोळा मिटणारी फांदीच आधी जाते, आणि बुबुळही बधिर झालेलं असेल तर जखम होऊनही दुखत नाही. वरोऱ्याचं आनंदवन इथून 100 किलोमीटरच्या आसपास आहे, तरी आपल्या भागातले लोक हा आजार संपलाय असं धरून चालतात. गडचिरोली, चंद्रपूरहून आलेल्या रुग्णाचा शर्ट काढून पाठ पाहायला दोन मिनिटं लागतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि वेळेत सुरू झालं तर नस वाचते.

तुम्ही विचारलंय की जायचं कुठे. धंतोली-रामदासपेठेत पावलागणिक दवाखाना आहे, पण तिथे तीन डॉक्टरांकडे तीन दिवस जातात. खर्चाची ओढाताण असेल, किंवा एकाच दिवसात डोळे, कान आणि मेडिसिन तिन्ही बघून घ्यायचं असेल, तर सकाळी लवकर मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं गाठा. मिहानकडे एम्सही आहे. मेडिकलचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय न्यूरोसाठी आहे, पण पहिल्याच दिवशी तिथली रांग धरायची गरज नाही.

आता करंटचं. इथे मी फिजिओथेरपीच्या अनेक मित्रांशी वाद घातलाय. चेहऱ्याला विजेचे झटके दिल्याने नस लवकर बरी होते याला चांगला पुरावा नाही. ज्यांची नस मुळात हलकीच दबलेली, ते करंटने किंवा करंटशिवाय तीन आठवड्यांत सुधारू लागतात. खरी काळजी दुसऱ्यांची. ज्यांच्या नसेचे तंतू तुटलेत त्यांचे तंतू रोज सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकतात. हाडापासून ओठापर्यंत पोचायला तीन-चार महिने लागतात. आणि पोचताना वाट चुकतात. डोळ्याचा तंतू ओठाला जातो, ओठाचा डोळ्याला. महालातल्या एक शिलाई करणाऱ्या ताई सातव्या महिन्यात आल्या. म्हणाल्या, टाचण्या ओठांत धरल्या की डावा डोळा आपोआप मिटतो, सुईत दोरा ओवताच येत नाही. मी त्यांना ओठांचा चंबू करायला सांगितला. डोळा पडद्यासारखा खाली आला. त्यांना कोणीतरी चार महिने रोज फुगे फुगवायला, च्युइंग गम चघळायला आणि पूर्ण जोर लावून चेहरा ताणायला सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. जोर लावला की सगळे स्नायू एकदम ओढले जातात, आणि ती चुकीची जोडणीच घट्ट होत जाते. च्युइंग गमचा तर संबंधच नाही, चावण्याचे स्नायू पाचव्या नसेवर चालतात.

म्हणजे फिजिओथेरपी नको असं नाही. योग्य फिजिओथेरपी हवीच. पहिल्या काही आठवड्यांत फक्त हलक्या हाताने मालिश, कडक झालेली चांगली बाजू सैल करणं, आणि बोलताना-जेवताना ओठाचा कोपरा बोटाने आधारणं. हालचाल परत येऊ लागली की आरशासमोर, अगदी हळू, छोटी हालचाल: जरासं हसायचं, पण डोळा उघडा ठेवून. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं. तुमच्या फिजिओथेरपिस्टला सरळ विचारा की चेहऱ्याच्या स्नायूंचं आरशासमोरचं प्रशिक्षण तुम्ही देता का. उत्तर 'आधी दहा दिवस करंट घेऊन बघू' असं आलं, तर दुसरं ठिकाण शोधा. शिलाईच्या ताईंना असं प्रशिक्षण आणि डोळ्याभोवती अगदी थोडं बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, मिळाल्यावर टाचण्या पुन्हा ओठांत धरता आल्या. पूर्ण नाही, पण कामापुरतं झालं.

आता थांबायचं कुठपर्यंत. तीन आठवड्यांत गालाची किंचितशी जरी हालचाल परत आली तर खूप चांगली खूण, बहुतेकांचं तसंच होतं. आली नाही तर नसांच्या डॉक्टरांकडे या, नस किती शाबूत आहे हे आम्ही तपासतो. चौथा महिना सरला आणि बाजू अजून निर्जीव असेल, तर तेव्हा एमआरआय काढलाच पाहिजे, आणि कानासमोरची लाळग्रंथीही बोटांनी चाचपली पाहिजे. तसंच लकवा तीन दिवसांत न होता आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढत असेल, किंवा त्याच बाजूला पुन्हा झाला, तर पहिल्या दिवशीच स्कॅन. गाठ अशीच येते, गुपचूप.

'वेळ लागतो, वाट बघा' हे वाक्य दोन वर्षं ऐकत बसलेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. नस न पोचलेला स्नायू साधारण दीड वर्षात सुकतो. त्याच्या आत चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनकडे गेलं तर चावण्याच्या नसेची फांदी वळवून जोडता येते. नंतर गेलं तर मांडीतला स्नायू आणून बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून सहा महिने ते वर्षाच्या आत एकदा सर्जनचं मत घ्याच, शस्त्रक्रिया करायची नसली तरी. डोळा मिटतच नसेल तर पापणीचं छोटं ऑपरेशन मात्र त्याआधीही होतं.

बाबा या दिवसांत बहुधा गप्प झाले असतील. लोक लग्नाला जात नाहीत, फोन घेत नाहीत, 'प', 'ब', 'फ' नीट उमटत नाहीत म्हणून बोलायचंच टाळतात. त्यांच्याशी नेहमीसारखं बोलत राहा. जेवताना गालात घास अडकला तर बोटाने काढायला लाजू देऊ नका, आणि त्या बाजूचे दात नीट घासले जाताहेत का तेही बघा.

आणि दर रविवारी एक काम करा. त्याच खिडकीसमोर, त्याच उजेडात मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या: भुवया वर, डोळे हळूच बंद, नाक मुरडणं, दात दाखवून हसणं, ओठांचा चंबू. घरच्यांना रोज पाहून फरक कळत नाही, आणि रुग्णाला तर आरसा नेहमी खोटंच सांगतो. पहिला व्हिडिओ आजचा हवा, कितीही नको वाटला तरी. एका कागदावर लिहा: लकवा कोणत्या दिवशी, किती वाजता लक्षात आला, पूर्ण व्हायला किती दिवस लागले, कान दुखतो का, आतापर्यंत कोणती इंजेक्शनं मिळाली, शुगर किती. तो कागद आणि फोन घेऊन आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि उद्या सकाळी सातवा दिवस संपायच्या आत कान-नाक-घसा आणि मेडिसिनकडे.